एका राशीचे वाटेकरी

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा नववीत आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत तो वहीत एक राज्य रचत बसला होता. नकाशा काढला होता, नदी, किल्ला, राजवाडा सगळं होतं. शेजारच्या पानावर उतरंड होती. वर राजा, त्याखाली उमराव, मग लढवय्ये, मग व्यापारी आणि तळाला ‘शेतकरी व इतर’. मला म्हणाला, “बडे अब्बा, उमरावांच्या पायऱ्या किती ठेवू? तीन पुरतील का पाच?”

मी म्हटलं, बाळा, एवढा लांब कशाला गेलास? तू बसलायस ते कोडोली. पन्हाळा आपला तालुका. इथं ताराराणींनी राज्य मांडलं. १७३१ साली सातारकर आणि करवीरकर छत्रपतींमध्ये तह झाला, त्याला वारणेचा तह म्हणतात. तीच ही वारणा. नदीच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं. असल्या राज्यात माणसांची उतरंड कशी लागते, हे पाहायला कल्पना लढवायची गरज नाही. आपल्या घरातलं अडनाव पुरे आहे.

आम्ही मुलाणी. बारा बलुतेदारांतले एक. तेव्हा मी त्याला सांगितलं ते राजवाड्यापासून नाही, खळ्यापासून सांगितलं. आज इथंही तसंच सांगतो.

पूर्वी खळ्यावर मळणी व्हायची. मध्ये तिवडा, त्याभोवती बैल फिरायचे, मग वाऱ्यावर धान्य उफणायचं आणि रास पडायची. त्या राशीकडे पाहणारे डोळे फार असत. शेतकऱ्याच्या घरी धान्य जायच्या आधीच त्यातले वाटे ठरलेले. सुतार, लोहार, चांभार, महार, कुंभार, न्हावी, परीट, मांग, जोशी, गुरव, कोळी, मुलाणी. ही यादी गावागणिक थोडी बदलते, कुठे कोळ्याऐवजी सोनार येतो, पण बाराचा आकडा सगळ्यांच्या तोंडी असतो. वर्षभर ज्यानं त्यानं आपलं काम करायचं आणि सुगीला आपला वाटा न्यायचा. रोख पैशाचा संबंध नाही.

आणि हे वाटे सारखे नव्हते. बलुतेदारांच्या तीन ओळी असत, त्यांना थोरली, मधली आणि धाकटी कास म्हणत. कास म्हणजे गाईची. शेतकरी ही गाय आणि हे सगळे तिची वासरं! शब्द कुणी घडवला ठाऊक नाही, पण कवी म्हणून मला त्याचा हेवा वाटतो. थोरल्या कासेत सुतार, लोहार, चांभार, महार. मधलीत कुंभार, न्हावी, परीट, मांग. आणि धाकट्या कासेत कोण? जोशीबुवा, गुरव, कोळी आणि आम्ही मुलाणी.

इथं थोडं थांबलं पाहिजे. धान्याच्या हिशेबात महार पहिल्या ओळीत आणि पंचांग सांगणारा जोशी शेवटच्या ओळीत, कारण शेतीला ज्याची गरज जास्त त्याचा वाटा मोठा. पण खळ्यावरून गावात शिरलात की हीच यादी उलटी व्हायची. ज्याचा वाटा मोठा त्याला वेशीबाहेर राहायचं होतं. म्हणजे एकाच गावात दोन उतरंडी होत्या, एक पोटाची आणि एक मानाची. माझ्या पुतण्याच्या वहीत एकच होती. बहुतेक पुस्तकांतही एकच असते, म्हणून ती पुस्तकं खरी वाटत नाहीत. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ हे १९१५ सालचं पुस्तक मात्र ज्यांना मिळेल त्यांनी जरूर वाचावं. हा सगळा कारभार त्यांनी सरकारी नोकरीत राहून, जवळून पाहिला होता.

बलुतेदारांच्या वर शेतकरी. पण शेतकरीही एक नाही. मिरासदार वेगळा, उपरी वेगळा. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गावच्या गोतसभेत त्याला जागा, त्याच्या शब्दाला किंमत. उपरी म्हणजे बाहेरून येऊन जमीन कसणारा. सारा तोही भरायचा, पण गावकीत त्याचा आवाज नाही. मला या शब्दांची गंमत वाटते. मिरास अरबी, त्याचा अर्थ वारसा. वतन अरबी, इनाम अरबी. जहागीर, सरंजाम फारसी. कागदावर हक्क सांगणारे असे कितीतरी शब्द दूरदेशाहून आले आणि इथं घरचे झाले. ज्याला काहीच हक्क नाही तो ‘उपरी’ तेवढा अस्सल मराठी राहिला.

वतन या शब्दाचं तर विचारूच नका. उर्दू शायरीत वतन म्हणजे मायदेश. मराठीत आल्यावर त्याचा अर्थ झाला काम, त्या कामापोटी जमीन, जमिनीबरोबर हक्क, हक्काबरोबर मान, आणि हे सगळं बापाकडून मुलाकडे. पाटीलकी हे वतन, कुलकर्ण हे वतन, परगण्यावरची देशमुखी-देशपांडेपण ही वतनं, आणि महारकी हेही वतनच. सरदेशमुखी तर खुद्द छत्रपतींचं वतन मानलं जाई. म्हणजे वेसकरापासून छत्रपतीपर्यंत सगळे वतनदार. माणूस वतनासाठी जीव द्यायचा नि घ्यायचाही. बेंदराला पाटलाचा बैल पुढे, होळीची पहिली पोळी पाटलाची, असल्या मानासाठी भावाभावांचे तंटे पिढ्यानपिढ्या चालत. आजही जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्यांचा क्रम ठरलेला आहे. पहिला मान सातारा तालुक्यातल्या पाडळीच्या काठीचा. तो क्रम मोडून पाहा म्हणजे कळेल मी काय म्हणतो ते.

आता उमराव. पुतण्याला त्यांचीच हौस होती. वतनदार गावाला चिकटलेला असतो, सरंजामदार मात्र राजाला. राजा त्याला काही गावांचा वसूल तोडून देतो आणि म्हणतो, यातून इतके घोडे, इतके शिपाई बाळग आणि बोलावीन तेव्हा ये. शिवाजी महाराजांचा कल असे वसूल तोडून देण्यापेक्षा रोख पगार देण्याकडे होता. कारण उघड आहे, ज्याच्या हाती वसूल त्याच्या हाती फौज, आणि ज्याच्या हाती फौज तो उद्या ऐकेलच असं नाही. पण १६८९ नंतर संभाजी महाराज गेले, राजाराम महाराज जिंजीत अडकले, खजिन्यात पैसा नाही, समोर औरंगजेब. तेव्हा सरदारांना वतनं-सरंजाम देण्याशिवाय मार्ग उरला नाही. राज्य त्यामुळे वाचलं, हेही खरं. पण सरंजाम एकदा दिला तो परत कोण देतो?

रामचंद्रपंत अमात्यांनी ही सगळी धामधूम आतून पाहिली होती. त्यांच्या ‘आज्ञापत्रा’त वतनदारांवर एक प्रकरणच आहे. सांगणं असं की वतनदार हे राज्यातले लहानमोठे वाटेकरी आहेत, त्यांना दुखवूही नये आणि मोकळंही सोडू नये. हे लिहिणाऱ्या पंतांच्या घराण्याकडेच पुढं बावड्याची जहागीर राहिली, हा योगायोग मला नेहमी हसवतो.

कोल्हापूर संस्थानात पुढे असे नऊ बडे जहागीरदार गणले जात. विशाळगडचे प्रतिनिधी, बावड्याचे अमात्य, कागलच्या घाटग्यांच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पाती, कापशीचे घोरपडे, इचलकरंजीचे घोरपडे, तोरगलचे शिंदे, हिम्मतबहाद्दर आणि सरलष्कर. यांतल्या इचलकरंजीकरांची कथा ऐकण्यासारखी आहे. त्यांचे मूळ पुरुष नारो महादेव जोशी, कोकणातले ब्राह्मण. ते कापशीच्या सेनापती संताजी घोरपड्यांच्या आश्रयाला वाढले आणि त्या कृतज्ञतेनं त्यांनी धन्याचं अडनाव घेतलं. जात एक, अडनाव दुसरं. आपल्याकडे पायऱ्या घट्ट होत्या असं म्हणतो आपण, पण तलवार आणि लेखणी चालवणाऱ्याला कुठेतरी फट सापडायची. बलुतेदाराला ती सहसा सापडत नसे.

याच उतरंडीत गडकरी होते. किल्ल्याची राखण करायची आणि त्यापोटी जमीन खायची. इंग्रजांनी नेमलेल्या कारभाऱ्यानं त्यांच्या या जुन्या व्यवस्थेला हात घातला तेव्हा १८४४ साली सामानगड, भुदरगड, पन्हाळा एकामागून एक पेटले. बंड मोडल्यावर पन्हाळ्याचा चार दरवाजा इंग्रजांनी पाडला. सहलीला आलेली मंडळी ते पडके चिरे पाहतात आणि पुढे जातात. १८६२ च्या करारानं बड्या जहागीरदारांवर इंग्रजांची देखरेख बसली. राजाच्या डोक्यावर एक पायरी वाढली, आणि ती आमच्या कुणाच्याच उतरंडीत नव्हती.

शाहू महाराज या सगळ्याच्या मधोमध उभे राहिलेले दिसतात. जन्म कागलच्या जहागीरदार घरातला, १८८४ साली दत्तक होऊन ते छत्रपतींच्या गादीवर आले. १८९९ मध्ये पंचगंगेवर पुरोहितानं त्यांच्यासाठी वेदोक्त मंत्र म्हणायचं नाकारलं. धान्याच्या उतरंडीत सगळ्यांत वर असलेला माणूस, मानाच्या उतरंडीत एका पुरोहिताच्या खाली निघाला! महाराजांनी राजोपाध्यांचं इनाम जप्त केलं. सेवा नाही तर इनाम नाही, हा वतनाचाच जुना कायदा त्यांनी वतनदारावर चालवला. पुढे १९१८ साली त्यांनी कुलकर्णी वतनं काढून पगारी तलाठी नेमले. त्याच साली महार वतन रद्द करून त्या जमिनी रयताव्यानं महारांच्या नावे केल्या. वेठ-बिगार बंद केली. वतन हे नाव कितीही गोड असलं तरी महारकीचं वतन म्हणजे तुटपुंज्या जमिनीच्या बदल्यात घरादारानं रात्रंदिवस राबणं होतं. डॉ. आंबेडकरांनी हाच प्रश्न १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक आणून मांडला. पण मुंबई राज्यात ही कनिष्ठ ग्रामवतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडावं लागलं. कोल्हापूर संस्थान १९४९ च्या मार्चमध्ये विलीन झालं होतं. इनामं, परगणा वतनं, मुलकी पाटीलकी ही पुढच्या दहा-पंधरा वर्षांत एकेक कायद्यानं गेली.

पण खरं सांगू? आमच्याकडे बलुतं कायद्यानं थांबलं नाही. मी सहा-सात वर्षांचा असताना, म्हणजे सत्तरच्या दशकात, माझ्या आजोबांबरोबर खळ्यावर गेलेलो आहे. आम्ही त्यांना दादा म्हणत असू. गावच्या जत्रेत बकरं हलाल करायचं, मशिदीची झाडलोट करायची, हे आमच्या घराचं काम. मुलाण्यानं सुरी फिरवल्याशिवाय पाटलाच्या घरात मटण शिजत नसे. दादा खांद्यावर पोतं टाकून राशीपासून चार हात लांब बसायचे. मागायचं नाही, नुसतं बसायचं, ही रीत. शेतकरी सूप भरून पोत्यात ओतायचा.

एका सुगीला आमच्या नंतर एक म्हातारा आला. त्यानं धोतराचा पदर पसरला आणि शेतकऱ्याच्या पोरानं वरून, हात लांब ठेवून जोंधळे सोडले. बरेच खाली सांडले. म्हातारा ते वेचत बसला. घरी येताना दादा मला म्हणाले, “बघितलंस? आपल्याला सूप टेकवून देतात.” त्यांच्या आवाजात अभिमान होता. मलाही तो वाटला. चांगला दोन-चार दिवस वाटला. मी ही गोष्ट सगळ्या दोस्तांना सांगितल्याचं आठवतं. ज्यांना सांगितली त्यांत त्या म्हाताऱ्याचा नातूही होता. तो माझ्याच वर्गात होता. तो काही बोलला नाही.

पुढे बी.ए.ला इतिहास वाचताना सरंजामशाही हा शब्द आला तेव्हा मला राजा आठवला नाही, ते सांडलेले जोंधळे आठवले. राजा आणि उमराव वरून दाबतात एवढ्यानं अशी व्यवस्था शेकडो वर्षं टिकत नाही. प्रत्येकाला आपल्या खाली एक माणूस दाखवून दिलेला असतो, म्हणून ती टिकते. दादांसारख्या सज्जन माणसालाही तो दाखवलेला होता, आणि त्यांनी तो मला दाखवला.

मग बलुतं थांबलं कशानं? उसानं. पन्नासच्या दशकाच्या अखेरीला तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारानं वारणेचा साखर कारखाना उभा राहिला. हळूहळू जोंधळ्याची शिवारं उसाखाली गेली. ऊस खळ्यावर येत नाही. तो गाडीत बसून वजनकाट्यावर जातो, त्याची पावती होते आणि पैसे बँकेत. रासच नाही तर वाटा कसला? उसाचं बलुतं मागायला दादा कुठे बसणार होते, काट्याजवळ? त्यांना ते फार लागलं. माझे वडील मात्र सुटल्यासारखे झाले. पोतं घेऊन बसायची पाळी त्यांच्यावर आली नाही. ते शहरात जाऊन नोकरीला लागले.

जुनी वतनं संपली, पण कागद संपला नाही. अशा किती तरी जमिनींच्या सातबाऱ्यावर अजून ‘भोगवटादार वर्ग २’ लिहिलेलं असतं. म्हणजे विकायची झाली तर सरकारची परवानगी पाहिजे. आमच्या चुलत भावंडांत अशाच काही गुंठ्यांवरून दोन घरं बोलत नाहीत. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, पण त्याच्यापुढे बसल्यावर आम्ही पुन्हा वतनदार होतो.

पुतण्यानं हे सगळं ऐकून घेतलं. निम्मं त्याला कंटाळवाणं वाटलं असणार. मग त्यानं ‘शेतकरी व इतर’ यातलं ‘व इतर’ खोडलं, खाली बारा रेघा मारल्या आणि नकाशात गावाबाहेर एक गोल काढला. “बडे अब्बा,” म्हणाला, “खळं केवढं असतं?” मी अंगणात उतरलो आणि पावलं टाकून त्याला दाखवलं.