खिडकीबाहेरचे झाड

परीक्षा जवळ आली की वेळापत्रकात पहिली कुऱ्हाड खेळाच्या तासावर पडते. तो तास गणिताला मिळतो, पालकही खूश होतात. पण त्या बदल्यात मुले काय गमावतात? उत्तराची सुरुवात एका रुग्णालयापासून करू.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात काही खोल्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, तर काहींतून फक्त विटांची भिंत. रॉजर उलरिक यांनी १९७२ ते १९८१ या काळात तेथे पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या नोंदी तपासल्या. वय, लिंग, धूम्रपान अशा बाबतींत सारख्या रुग्णांच्या २३ जोड्या लावल्या. प्रत्येक जोडीत एक झाडांकडचा, एक भिंतीकडचा. नोंदीही झाडांना पाने असतात त्याच महिन्यांतल्या घेतल्या. झाडांकडचे रुग्ण सरासरी ७.९६ दिवसांनी घरी गेले, भिंतीकडचे ८.७० दिवसांनी. तीव्र वेदनाशामकेही झाडांकडच्यांना कमी लागली. ४६ रुग्ण म्हणजे नमुना लहानच. तरीही १९८४ मध्ये 'सायन्स'मध्ये छापलेला हा निबंध पुढच्या बऱ्याच संशोधनाचा पाया ठरला.

शाळेतही असाच प्रयोग झाला. इलिनॉयमधील पाच शाळांतल्या ९४ विद्यार्थ्यांना ली आणि सुलिव्हन यांनी तीन प्रकारच्या वर्गांत बसवले: बिनखिडकीचा, खिडकीतून इमारती दिसणारा आणि हिरवळ दिसणारा. काम चालू असताना तिघांत फरक दिसला नाही. मधल्या सुट्टीनंतर मात्र हिरवळ पाहणाऱ्यांचे अवधान अधिक ताजे झाले होते आणि ताणही लवकर उतरला होता. (२०१६ चा हा निष्कर्ष खिडक्यांना कागद चिकटवणाऱ्यांनी जरूर वाचावा.)

असे का व्हावे? रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांच्या मते, फळ्याकडे प्रयत्नपूर्वक लावलेले लक्ष थकते. हलणारी पाने, ढग यांकडे ते आपसूक जाते आणि थकलेल्या अवधानाला विसावा मिळतो. हा तर्क पटण्यासारखा आहे, पण त्यावर वाद अजून मिटलेला नाही.

व्यायामाबद्दल एक समज मात्र दुरुस्त करायला हवा. धावल्यावर वाटणारा उत्साह एंडॉर्फिनमुळे येतो, असे आपण सर्रास सांगतो. पण रक्तातले एंडॉर्फिन मेंदूत सहजी शिरू शकत नाही. जर्मनीत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एंडॉर्फिनचा परिणाम औषधाने रोखला, तरी धावणाऱ्यांचा उत्साह टिकला आणि चिंता कमी झाली. आता संशय आहे तो शरीरातच तयार होणाऱ्या, मेंदूत सहज शिरणाऱ्या एंडोकॅनॅबिनॉइड या स्निग्ध पदार्थांवर.

अर्थात, दीर्घकाळ उदास असलेल्या मुलाला 'जरा पळून ये' एवढेच सांगणे पुरेसे नाही. तेथे डॉक्टरच हवेत.

आपल्या शाळेत एक साधी चाचणी करून पाहता येईल. सलग दोन तासांनंतर अर्ध्या मुलांना दहा मिनिटे झाडाखाली बसवा, अर्ध्यांना वर्गातच. मग अंक वाचून दाखवा आणि ते उलट्या क्रमाने लिहायला सांगा: आधी तीन अंक, मग चार, मग पाच. दुसऱ्या दिवशी गटांची अदलाबदल करा, अंक मात्र नवे घ्या.