मोफत संध्याकाळ आणि मोकळी संध्याकाळ



आजचा विषय वरवर साधा आहे. परिसरातल्या वेगवेगळ्या समाजांची गाणी, वाद्यं, नाच, चित्रं एका संध्याकाळी एका जागी यावीत आणि तिकीट न काढता कोणालाही ती पाहता-ऐकता यावीत, अशी कल्पना हल्ली बऱ्याच ठिकाणी मांडली जाते. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात त्यासाठी लांब जायला नको. ठाकर, कातकरी, वारली, महादेव कोळी, कुणबी, आगरी अशी वस्ती इथं शेजारीशेजारी आहे. ठाकरांचा कामडी नाच आहे, कातकऱ्यांचा ढोल आहे, तारपा आहे, भजन-भारूड आहे. मग अडचण कुठे आहे? मांडव घाला, माईक लावा, सगळ्यांना बोलवा. झालं!

आमच्या मते विचार करायची गरज इथूनच लागते. कार्यक्रमाच्या फलकावर आपण ‘विनामूल्य प्रवेश’ असं लिहितो. या दोन शब्दांत आपण काय म्हणत असतो, ते आज जरा उलगडून पाहू.

मराठीत ‘मूल्य’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. दुकानात मूल्य म्हणजे किंमत. नीतिशास्त्राच्या वर्गात मूल्य म्हणजे जे जपण्यासारखं आहे ते. म्हणून ‘विनामूल्य’ हा शब्द शब्दशः घेतला तर तो धोक्याचा आहे. किंमत नाही म्हणता म्हणता मोलही नाही, असं त्यातून निघतं. आपला बोलीतला ‘फुकट’ तर हे उघडच सांगतो. ‘दिवस फुकट गेला’ म्हणजे वाया गेला. भाषेनंच आपल्याला सावध केलं आहे की ज्याचे पैसे पडत नाहीत त्याची कदर न करण्याची सवय माणसाला लवकर लागते.

तेव्हा पहिला मुद्दा असा की ‘तिकीट नाही’ एवढ्यावरून कार्यक्रमाबद्दल आपल्याला फारसं काही कळत नाही. बघणाऱ्यानं पैसे दिले नाहीत, इतकंच कळतं. पण प्रत्येक संध्याकाळीला खर्च असतो. कोणीतरी मजुरी बुडवून आलेला असतो, कोणीतरी वाद्य घडवलेलं असतं, कोणीतरी रात्रभर जागलेलं असतं. तो खर्च कोणी केला, कसा केला, हे पाहिल्याशिवाय संध्याकाळीचं स्वरूप समजत नाही. आम्ही तीन प्रकार वेगळे करू.

पहिला प्रकार मानाचा. उदाहरण आपल्या शेजारचंच घेऊ. जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा होतो. काही ठिकाणी त्याला भोवाडा म्हणतात. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, त्याआधी तो सगळा मुलूख आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. नाशिकच्या आदिवासी भागातही हा उत्सव आहे. रात्री मशाली पेटतात, संबळ आणि पिपाणी वाजू लागते आणि एकामागून एक सोंगं येतात. गणपती, सरस्वती, मारुती, नरसिंह, रावण, आणि अखेरीस देवी व महिषासुर यांचं युद्ध. बघायला कोणीही यावं, तिकीट नाही. पण याला ‘मोफत कार्यक्रम’ असं कोणी म्हणत नाही, हे लक्षात घ्या. कारण तिथं विकणारा आणि घेणारा हे नातंच नाही. एखादं सोंग एखाद्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या असतं, काही गावांत सोंगाचा मान लिलावात बोली लावून घेतात. म्हणजे नाचणारा पैसे मिळवत नाही, उलट नाचण्याचा मान मिळावा म्हणून स्वतः खर्च करतो! बाजाराच्या हिशेबात हे बसत नाही. मानाच्या हिशेबात चोख बसतं.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ मध्ये भेटवस्तूंवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात हेच सांगितलं आहे. देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनं आहेत. दिलेली वस्तू नुसती जात नाही, ती नातं बांधते. लग्नात आहेर वहीत लिहून ठेवणाऱ्या आपल्या लोकांना हे मोसनं सांगायला नको होतं, पण त्यानं ते नीट मांडलं.

दुसरा प्रकार वर्गणीचा आणि प्रायोजकाचा. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव वाढत गेला आणि पुढे गिरगाव-दादरच्या गल्ल्यांतून रस्त्यावर सतरंज्या पसरून नामवंत गायकांच्या मैफिली होऊ लागल्या. गवयाला बिदागी मिळायची, ती गल्लीच्या वर्गणीतून. ऐकायला मात्र वर्गणी न देणाराही बसू शकत असे. चाळीच्या गॅलरीतून, पायरीवरून, पानाच्या दुकानासमोर उभं राहून लोक राग ऐकायला शिकले. इथं गाणाऱ्याचे कष्ट भरून निघाले आणि ऐकणाऱ्याला दार उघडं राहिलं. मुंबईत १९९९ पासून होणारा काळा घोडा कला महोत्सवही लोकांसाठी मोफत आहे. तिथं वर्गणीच्या जागी प्रायोजक आले. फ्रान्समध्ये १९८२ पासून २१ जूनला संगीताचा उत्सव होतो. त्या दिवशी हौशी आणि व्यावसायिक, सगळेच रस्त्यावर येऊन वाजवतात. हे सगळे मार्ग चांगले आहेत. फक्त प्रायोजकाच्या बाबतीत एक भान ठेवावं लागतं. वर्गणी देणारा गल्लीतला असतो, त्याला जाब विचारता येतो. प्रायोजकाचं नाव मोठ्या अक्षरात आणि तारपा वाजवणाऱ्याचं नाव फलकावर नाहीच, असं झालं की संध्याकाळ कोणाची, हा प्रश्न उभा राहतो.

आता तिसरा प्रकार. तो सांगताना आपल्याला आपल्याच जिल्ह्याच्या इतिहासात जावं लागतं. वेठ हा शब्द इथल्या जुन्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. मोबदला नाही आणि नकार द्यायची सोय नाही, असं काम म्हणजे वेठ. जानेवारी १९४५ मध्ये आसनगावहून मुंबईकडे जाताना लागणाऱ्या टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन भरलं. त्यानंतर त्याच वर्षी उंबरगाव-डहाणूच्या बाजूला वारल्यांनी वेठीविरुद्ध लढा उभारला. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्यात अग्रभागी होते. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात गोदावरीबाईंनी ते दिवस लिहून ठेवले आहेत. जमीनदाराच्या शेतावर फुकट राबायचं नाही, ही त्या लढ्यातली मागणी होती.

तुम्ही म्हणाल, गाण्याच्या संध्याकाळीशी वेठीचा काय संबंध? संबंध आहे. पाहुणे येणार म्हणून पाड्यावरचं नाचाचं पथक बोलवायचं. दुपारपासून उन्हात उभं करायचं. पाहुणे उशिरा आले की पाच मिनिटांत नाच आटोपायचा. मग वडापाव आणि टेम्पोतून परत. प्रेक्षकांना कार्यक्रम मोफत, आणि नाचणाऱ्यांनाही मोफत! याला आपण संस्कृतीचं जतन म्हणतो. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यानं इथं शब्द तपासला पाहिजे. मानानं दिलेलं आणि वेठीनं काढून घेतलेलं, दोन्हींत पैसे नसतात. मग फरक कशात? आमच्या मते दोन गोष्टींत. एक, देणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत होतं का? दोन, दिल्याची परतफेड कधीतरी, कुठल्यातरी रूपात होते का? बोहाड्यात आज तुम्ही माझं सोंग पाहता, थोड्या वेळानं मी तुमचं पाहतो. वेठीत देणारा नेहमी तोच असतो आणि घेणाराही नेहमी तोच.

यावर एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. ‘पैसा आला की कला बिघडते, लोक पैशासाठी नाचू लागतील.’ कलेला हेतू नसावा, सौंदर्याचा आस्वाद निरपेक्ष असावा, हा विचार कांटच्या १७९० च्या ग्रंथापासून आपल्याकडच्या सौंदर्यशास्त्राच्या पुस्तकांपर्यंत पोहोचला आहे. पण कांट निरपेक्षता सांगतो ती आस्वाद घेणाऱ्याची. चित्र बघताना ते आपल्या मालकीचं व्हावं ही इच्छा बाजूला ठेवा, असं ते सांगणं आहे. चित्र काढणाऱ्यानं उपाशी राहावं, असं त्यात कुठेही नाही. शिवाय हा आक्षेप शहरातल्या गवयाच्या बिदागीबद्दल कोणी घेत नाही. तो पाड्यावरच्या माणसाच्या वाट्यालाच का येतो, याचा विचार व्हावा.

वारली चित्रांची गोष्ट इथं उपयोगी पडते. लग्नाचा चौक घरातल्या भिंतीवर सवाशिणी काढत, धवलेरी गाणी म्हणून त्याला पुरं करत असे. त्या घरात चित्र आणि गाणं वेगळं नव्हतं, आणि त्याला किंमतही नव्हती. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी या लोकांच्या हाती कागद दिला. डहाणूकडचे जिव्या सोमा मशे त्या कागदावर काढू लागले, जगभर पोहोचले आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यात काही कमावलं गेलं आणि काही निसटलं. चित्राला नाव आणि दाम मिळालं, ही कमाई. पण कागद गाणं बरोबर नेऊ शकला नाही. आज शहापूरकडच्या शाळेच्या, हॉटेलांच्या भिंतींवर तारप्याचा तो गोल सर्रास रंगवलेला दिसतो. मधोमध तारपेवाला, भोवती साखळी. पण त्या गोलाचा नियम किती जणांना ठाऊक असतो? तारपेवाला जिकडे वळतो तिकडे साखळी वळते, आणि त्याच्याकडे पाठ कोणी करत नाही. आपण चित्र भिंतीवर घेतलं आणि वाजवणाऱ्याकडे पाठ केली, असं होऊ नये.

आता ‘वेगवेगळ्या समाजांची एकत्र संध्याकाळ’ या दुसऱ्या भागाकडे येऊ. भरताच्या नाट्यशास्त्रात नाट्याला पाचवा वेद म्हटलं आहे आणि तो सर्व वर्णांसाठी आहे असं सांगितलं आहे. हे आपण अभिमानानं सांगतो. पण त्याच पहिल्या अध्यायात पुढे काय घडतं ते सहसा सांगत नाही. इंद्राच्या ध्वजोत्सवात पहिला प्रयोग झाला. विषय होता देवांचा विजय आणि दैत्यांचा पराभव. दैत्य प्रेक्षकांतच बसले होते! त्यांनी विघ्नांना हाताशी धरून प्रयोग बंद पाडला. इंद्रानं ध्वजदंड उगारून त्यांना ठोकलं, विश्वकर्म्यानं बंदिस्त नाट्यगृह बांधलं. पण भांडण त्यानं मिटलं नाही. शेवटी ब्रह्मदेवाला दैत्यांशी बोलावं लागलं. हे नाट्य एकट्या देवांचं किंवा एकट्या दैत्यांचं नाही, तिन्ही लोकांचं आहे, असं त्यानं त्यांना समजावलं.

या कथेचा अर्थ आम्ही असा घेतो. सगळ्यांना प्रवेश मोकळा ठेवला म्हणजे संध्याकाळ सगळ्यांची होत नाही. कोणाची गोष्ट कोण सांगतो आणि ज्याची सांगतो तो समोर बसून काय पाहतो, हेही बघावं लागतं. बोहाड्यानं हा प्रश्न आपल्या रीतीनं सोडवलेला दिसतो. तिथं रावण आणि महिषासुर यांची सोंगंही मिरवत येतात, त्यांनाही संबळ वाजते, त्यांनाही मान असतो. देवीनं मारायचं असलं तरी महिषासुराला नाचू द्यायचं. अर्थात तिथं सगळं बरोबरच आहे असं आम्ही म्हणत नाही. मानात उतरंड असते, लिलावात ज्याचा खिसा जड त्याची बोली चढते, आणि सोंगं बहुतेक पुरुषांच्याच हाती राहिली. परंपरा आहे म्हणून ते जसंच्या तसं उचलावं असं नाही.

मग शेणव्यासारख्या गावात अशी संध्याकाळ करायची झाली तर काय करावं? आम्ही कार्यक्रमपत्रिका देणार नाही, ते आमचं काम नव्हे. काही प्रश्न मात्र देतो, ते बैठकीत आधी विचारावेत. तारपा भाताच्या हंगामाशी बांधलेला आहे. आपल्या सोयीच्या तारखेला तो वाजवणं वाजवणाऱ्याला योग्य वाटतं का? कातकरी वाडीवरच्या माणसांना फक्त नाचायला बोलावलं आहे, की ठरवायलाही? त्यांचा बुडणारा रोज कोण भरणार, आणि तो समारंभ करून द्यायचा की हक्क म्हणून हातात ठेवायचा? पुढच्या खुर्च्यांवर कोण बसणार? फोटो कोणी काढले तर पुढे ते कुठे जातील? आणि सर्वांत महत्त्वाचं, एखाद्या पाड्यानं ‘यंदा आम्ही येत नाही’ असं सांगितलं तर आपल्याला राग येईल का? राग येणार असेल तर वेठीचं बी तिथं आहे.

तानसा, भातसा या धरणांतून शहापूर तालुक्याचं पाणी मुंबईला जातं, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघितली जाते. देणारा नेहमी तोच आणि घेणाराही नेहमी तोच, याचा अनुभव या मातीला भरपूर आहे. निदान गाण्याच्या बाबतीत आपण तोच व्यवहार आपसांत करू नये.

मोफत आणि मोकळं, हे मराठीतले दोन वेगळे शब्द आहेत, ते वेगळेच ठेवावेत. मोफत संध्याकाळ एखादा श्रीमंत माणूस एका धनादेशात घडवू शकतो. मोकळी संध्याकाळ मात्र सगळ्यांना मिळून ठरवावी लागते. येणाऱ्याला येण्याची मोकळीक, वाजवणाऱ्याला न वाजवण्याची मोकळीक, आणि वाजवलं तर त्याची भूक, रोज आणि नाव यांची जबाबदारी सगळ्यांची. ते जमलं, तर तिकीट ठेवायचं की नाही हा प्रश्न फार किरकोळ आहे. त्यासाठी तत्त्वज्ञानाची गरज नाही, एक वही आणि दोन खजिनदार पुरतात.

आता आपले प्रश्न घेऊ.