बॅनर तोच, नायिका नवी

दसरा उलटला की वडशाच्या रस्त्यांवर नाटकांचे रंगीत फलक झळकू लागतात. गडचिरोली जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव सरकारदरबारी देसाईगंज आहे, पण नाटकवाल्यांच्या तोंडी ते वडसाच. फलकावर सगळ्यात वर नाट्यमंडळाचं नाव, त्याखाली नाटकाचं, मग कलावंतांचे फोटो. त्यातला सर्वांत ठसठशीत फोटो बहुतेक वेळा नायिकेचा. पुढच्या वर्षी याच जागी पुन्हा फलक लागतो तेव्हा मंडळाचं नाव तेच असतं, खालचे निम्मेअधिक चेहरे मात्र बदललेले असतात. गेल्या हंगामातली नायिका यंदा दुसऱ्या मंडळाच्या फलकावर दिसते, तिच्या जागी नागपूरहून कुणी नवी आलेली असते आणि पूर्वी नुसती लावणी करणारी मुलगी सहनायिकेच्या चौकटीत सरकलेली असते. झाडीपट्टी रंगभूमीचा जाणकार प्रेक्षक हा फलक सावकाश, नाव नाव वाचतो. यंदा कोण कुठे, याची चर्चा पानठेल्यावर रंगते.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला धानाचा आणि जंगलाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. इथलं नाटकाचं वेळापत्रक धानाने आखून दिलेलं आहे. कापणी उरकत येते, हातात थोडा पैसा येतो, भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते आणि तिथपासून होळीच्या आसपासपर्यंत रात्री नाटकांच्या असतात. दिवसा मंडई किंवा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक, अशी जुनी जोडी. लेकी-जावई, सोयरेधायरे मुक्कामाला येतात. घरोघरी पंगती बसतात आणि त्याच गर्दीत सोयरिकीही ठरतात. नाटक रात्री नऊ-दहाला सुरू होतं आणि कोंबडा आरवेपर्यंत चालतं. तिकीट काढून, कडाक्याच्या थंडीत घोंगडी-शाल पांघरून, हजारोंनी माणसं ते बघतात. सरकारी अनुदानाची वाट न बघता, प्रेक्षकाच्या तिकिटावर इतक्या ताकदीने उभी असलेली ग्रामीण रंगभूमी महाराष्ट्रात दुसरी दाखवता येणार नाही, असं माझं मत आहे.

या रंगमंचावर बाई उशिरा आली. झाडीची मूळ लोकनाट्यं म्हणजे दंडार आणि खडी गंमत. त्यांत स्त्रीची सगळी सोंगं पुरुषच वठवत. खडी गंमतीतला नाच्या हा तर शाहिराइतकाच मानाचा गडी. मुंबईत 1933 साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणलं तेव्हा स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि शहरी मराठी नाटकाने मोठं वळण घेतलं. झाडीत हे वळण वेगळ्या वाटेने आलं. इथे गावातली हौशी मंडळी स्वतःच नाटक बसवत. पाटील, मास्तर, शेतकरी, दुकानदार भूमिका वाटून घेत. गावातल्या सून-लेकीने तोंडाला रंग लावणं शक्यच नव्हतं, म्हणून ‘बाया’ बाहेरून ठरवून आणल्या जात. गावचा हौशी नायक महिनाभर तालीम करी आणि बाहेरून आलेली नायिका प्रयोगाच्या दिवशी गावात उतरे. तीच संहिता तिने दुसऱ्या गावी दुसऱ्या नायकाबरोबर केलेली असे. म्हणजे या रंगभूमीवर पोट भरण्यासाठी, व्यवसाय म्हणून आधी उभ्या राहिल्या त्या बाया. पुरुष तेव्हा हौशी होते. हा क्रम झाडीपट्टीवर बोलताना सहसा कुणी सांगत नाही.

पुढे वडशाला नाट्यमंडळांची कार्यालयं थाटली गेली आणि गावच्या मंडळाने पूर्ण नाटकच विकत घ्यायचं, अशी पद्धत रुळली. नाटक, कलावंत, वादक, पडदे, ध्वनी, दिवे सगळं वडशाहून येणार. गावाने मंडप घालायचा, तिकिटं विकायची, नफा झाला तर तो देवळाला, शाळेला किंवा पुढच्या वर्षाला. वडसा हे गोंदिया-बल्लारशा लोहमार्गावरचं स्टेशन. वैनगंगा ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातलं ब्रह्मपुरी. आरमोरी, कुरखेडा, नागभीड, सिंदेवाही ही नाटकवेडी गावंही एका संध्याकाळच्या टप्प्यात. त्यामुळे हंगामाची राजधानी वडसाच झाली.

आता संच कसा जुळतो ते पाहा. हंगामाआधी मंडळाचा निर्माता कलावंतांशी बोलणी करतो. नायक, नायिका, सहनायिका, खलनायक, विनोदी जोडी, चरित्र भूमिका, नृत्यांगना, गायक आणि वादक असे ठरलेले कप्पे असतात. बोली असते ती ‘नाईट’ची, म्हणजे एका प्रयोगाच्या रकमेची. हंगाम चार-साडेचार महिन्यांचा, आणि त्यापुढे कुणीच कुणाला बांधील नाही. लेखकही हे कप्पे डोळ्यांपुढे ठेवून लिहितो. सामाजिक नाटक, त्यात एक रडवणारी आई, एक छळ सोसणारी सून, एक हसवणारं उपकथानक, नाट्यगीतं आणि मध्येच बेतलेली लावणी. साचा ठरलेला असल्यामुळे माणूस बदलला तरी नाटक अडत नाही. शहरातल्या समीक्षकाला हा साचा खटकतो. मला वाटतं, तो या रंगभूमीचा कणा आहे. रोज नवं गाव आणि ऐन वेळी गळणारी माणसं असताना दुसऱ्या कुठल्या रचनेवर हा डोलारा टिकला असता?

हे सगळं तोलून धरतो तो प्रॉम्प्टर. रंगमंचाच्या पुढ्यात, वादकांच्या शेजारी तो बसतो, मांडीवर संहितेची वही, डोळे रंगमंचावर. तालमी फार थोड्या किंवा नाहीतच. नवी नायिका संध्याकाळी गाडीत बसते तेव्हा शेजारी बसलेली सहनायिका तिला प्रवेशांचा क्रम सांगते: दुसऱ्या अंकात पत्र तुझ्या हाती येणार, तिसऱ्यात तू घर सोडणार. मेकअप करता करता गाण्याची पट्टी ऑर्गनवाल्याशी ठरते. प्रयोगात प्रॉम्प्टर वाक्याचं पहिलं टोक टाकतो आणि ती ते उचलून पुरं करते, पण नुसतं पुरं करून भागत नाही. समोर पाच-सात हजार माणसं आहेत, माईक वरून लोंबतोय, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही हुंदका ऐकू जायला हवा. उधार घेतलेलं वाक्य जणू आत्ताच सुचलं अशा रीतीने म्हणायचं, तेही बोचऱ्या थंडीत, पहाटे तीनला, सलग कितव्या तरी रात्री. नाट्यशाळेत शिकवलं जात नाही असं हे कसब आहे.

याच गावांतल्या कॉलेजच्या मुली हल्ली फोनवर कोरियन गायिकांचे संच पाहतात आणि त्यातली कोण गेली, कोण आली याचा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. तो व्यवसाय आणि आपला, यांत साम्य आहे. ‘वंडर गर्ल्स’ हा सोलचा गाजलेला संच 2007 साली पाच मुलींनिशी उतरला. त्याच वर्षी ह्युना बाहेर पडली, यूबिन आली. 2009 मध्ये त्यांचं ‘नोबडी’ हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड हॉट 100 यादीत गेलं आणि तिथे पोचलेला तो पहिला कोरियन संच ठरला. 2010 मध्ये सनमी गेली, हेरिम आली. 2015 मध्ये सनमी परतली तेव्हा आधीच्या दोघी गेल्या होत्या आणि उरलेल्या चौघी हातात वाद्यं घेऊन उभ्या राहिल्या. 2017 च्या सुरुवातीला संच विसर्जित झाला. दहा वर्षांत सात मुली, नाव एकच. ओडिशाच्या राउरकेलाची श्रेया लेंका 2022 मध्ये ‘ब्लॅकस्वान’ या अशाच संचात शिरली, तीही कुणाच्या तरी रिकाम्या झालेल्या जागेवर.

फरक कराराचा आहे. कोरियात कलावंतांना वर्षानुवर्षं जखडून ठेवणाऱ्या करारांवर ओरड झाली, तेव्हा तिथल्या व्यापार आयोगाने 2009 मध्ये नमुना करार काढून मुदतीला सात वर्षांची मर्यादा घातली. तिथल्या मुलीपुढचा प्रश्न सुटायचं कसं, हा असतो. झाडीपट्टीतल्या बाईपुढे पुढच्या दसऱ्याला बोलावणं येईल का, हा प्रश्न. तिथे कंपनीकडे प्रत्येक मुलीची आल्या-गेल्याची तारीख आहे. इथे वीस-वीस हंगाम गाजवलेल्या नायिकेच्या नावाची नोंद शोधायला गेलं तर हातात लागतात ती जुनी हँडबिलं, तीही कुणी जपली असतील तर.

तिची वाटचाल साधारण अशी: आधी नृत्य, मग सहनायिका, मग काही वर्षं नायिका, त्यानंतर वहिनी आणि शेवटी आई. नायिकेची वर्षं थोडी आणि आईची पुष्कळ. हंगामात वडशाला भाड्याची खोली, दिवसा झोप, संध्याकाळी गाडी, पहाटे परत. रस्ता जंगलातला. ब्रह्मपुरीच्या वनविभागात वाघांची संख्या मोठी आहे, त्यामुळे परतीच्या प्रवासाची धास्ती खरी असते. पावसाळ्यात घर, शेती, रोवणीची मजुरी किंवा ऑर्केस्ट्रात गाणं. ‘नाटकातली बाई’ म्हटल्यावर उठणाऱ्या भुवया अजून पुरत्या खाली आलेल्या नाहीत, आणि तिलाच बघायला आलेल्या गर्दीत त्या भुवया असतात, याचा मला संताप येतो. अलीकडे काही ठिकाणी नाटक वगळून नुसत्या नाचाच्या कार्यक्रमांची मागणी होते. त्याने अभिनय करणाऱ्या बाईचा भाव उतरतो.

या रंगभूमीने मोठे धक्के सोसले आहेत. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. शंकरपट थांबले, पण त्यांच्या आधाराने उभं राहिलेलं नाटक थांबलं नाही. डिसेंबर 2021 मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली. दरम्यान कोरोनाने 2020 चा हंगाम जवळपास गिळला आणि नाईटवर जगणाऱ्यांच्या हाती काहीच उरलं नाही. त्यानंतर चांगल्या गोष्टीही घडल्या. 2022 मध्ये तृशांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ हा चित्रपट आला आणि वडशाची दुनिया इतरांनी पडद्यावर पाहिली. 2023 मध्ये कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. सुमारे पाच हजार प्रयोग आणि आठशे भूमिका केलेल्या या कलावंताचा गौरव साऱ्या झाडीने आपला मानला. नवरगावचे सदानंद बोरकर यांच्यासारख्या नाटककारांनी शेतकऱ्याचं दुःख याच रंगमंचावर मांडलं. खुणे यांच्यासमोर हजारो रात्री ज्या बाया उभ्या राहिल्या, त्यांच्याही वाट्याला असा मान यावा, असं मनापासून वाटतं.

तोवर एक साधी गोष्ट आपल्या हातात आहे. पन्नाशी ओलांडलेल्या कलावंतांसाठी राज्य सरकारची मासिक मानधनाची योजना आहे. तिच्या अर्जासोबत कलेच्या क्षेत्रात काम केल्याचे पुरावे जोडावे लागतात. दर वर्षी मंडळ बदलणाऱ्या बाईकडे नेमणुकीचं पत्र नसतं, पगाराची पावती नसते. तिच्यापाशी पुरावा एकच, हँडबिलावरचं नाव. ते नाव कधी आडनावाशिवाय असतं, कधी रंगमंचापुरतं घेतलेलं. म्हणून नाटक ठरवणाऱ्या गावोगावच्या मंडळांना विनंती आहे: हँडबिलावर प्रत्येक स्त्री कलावंताचं पूर्ण नाव छापा, तारखेसोबत वर्षही छापा आणि प्रयोग संपल्यावर मंडळाच्या शिक्क्यानिशी एक दाखला तिच्या हाती द्या. बायांसाठी वेगळी, दार लागेल अशी खोली आणि जवळ शौचालय, हेही बुकिंगच्या बोलीतच धरा. आणि वाचकहो, तुमच्या घरी जुनी हँडबिलं असतील तर ती रद्दीत घालू नका. त्यांवरच्या बाया अजून वडशाच्या आसपास राहतात, आणि त्यांना त्या कागदांची गरज आहे.