लेन्सवरचं नाव आणि लेन्सचं काम

कॅमेऱ्याच्या दुकानात एक सल्ला हमखास ऐकायला मिळतो: रोजच्या वापराला सिग्मा, टॅमरॉन, कुठलीही लेन्स चालेल, पण खास कामाची घ्यायची तर कॅमेऱ्याच्याच कंपनीची घ्या. सल्ला शहाणपणाचा वाटतो खरा, पण मला तो उलटा वाटतो. कंपनीच्या नावासाठी आपण जे जादा पैसे मोजतो, ते मुख्यतः लेन्स आणि कॅमेरा यांच्यातल्या संभाषणाचे असतात. फोकस कुठे आहे, कुठे न्यायचा, किती वेगाने न्यायचा, याची देवाणघेवाण सेकंदाला कितीतरी वेळा चालू असते आणि तिची भाषा त्या कंपनीच्या घरातली असते. ज्या कामाला हे संभाषण लागतं, तिथे नावाचे पैसे वसूल होतात. आडवळणाच्या कामांपैकी बऱ्याच कामांना ते लागतच नाही.

अतिजवळच्या, म्हणजे मॅक्रो फोटोग्राफीचं उदाहरण घेऊ. कोकणात आंब्याच्या झाडावर पानं जोडून घरटं करणारी तांबडी ओंबील असते. तिच्यातली मोठी कामकरी मुंगी सुमारे 8 ते 10 मिलिमीटर लांब. फुल-फ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर 36 मिलिमीटर रुंद. नेहमीची मॅक्रो लेन्स सेन्सरवर वस्तूच्या मूळ आकाराइतकी प्रतिमा पाडते, म्हणजे ही मुंगी फोटोच्या रुंदीचा जेमतेम पाव भाग व्यापते. मुंगी आहे एवढं कळतं. जबड्याचे दाते आणि डोळ्यावरची बारीक जाळी मात्र हाती लागत नाही. पाचपट मोठी प्रतिमा पाडणारी लेन्स लावली, तर चौकटीत 7.2 मिलिमीटरचाच तुकडा मावतो आणि डोकं, जबडा, मिशांचे सांधे सगळं समोर येतं. कासच्या पठारावरच्या दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या केसांवरचे चिकट थेंब एकेक करून टिपायचे, तरी हीच पट लागते.

या कामासाठी कॅननने 1999 मध्ये एमपी-ई 65 मिलिमीटर ही लेन्स आणली. एकपट ते पाचपट एवढाच तिचा पल्ला. दूरचं तिला काही दिसतच नाही. बरीच वर्षं या प्रकारात तिला जोड नव्हती. 2018 मध्ये चीनच्या व्हीनस ऑप्टिक्सने लाओवा या नावाखाली अडीच ते पाचपटीची 25 मिलिमीटर लेन्स काढली. अमेरिकेच्या बाजारात कॅननची लेन्स 1,050 डॉलरच्या आसपास जायची, लाओवाची किंमत होती 399 डॉलर. मधले साडेसहाशे डॉलर कशाचे? ऑटोफोकसचे तर नाहीतच, कारण कॅननच्या लेन्समध्येही ऑटोफोकस नाही. पाचपटीत, ॲपर्चर पूर्ण उघडं असताना, स्पष्ट दिसणारा थर जेमतेम 0.05 मिलिमीटर जाडीचा असतो, साधारण एका केसाएवढा. तिथे मोटर काय करणार? माणूस कॅमेराच पुढे-मागे सरकवतो, किंवा रेलवर बसवून एकेका थराचे फोटो काढत जातो आणि ते नंतर संगणकावर एकत्र करतो.

मग काचेचे असतील, असं कुणी म्हणेल. इथे प्रकाशाचा एक नियम आडवा येतो आणि तो ब्रँड बघत नाही. प्रतिमा जितकी पट मोठी, तितकं ॲपर्चर प्रत्यक्षात लहान होत जातं. ढोबळ हिशेब असा की ॲपर्चरच्या आकड्याला पटीत एक मिळवून गुणायचं. पाचपटीत एफ 5.6 लावलं, तर परिणाम एफ 33 च्या पुढचा. इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि चित्र मऊ पडतं. भिंग कितीही महागाचं असो, हा मऊपणा टळत नाही. दोन चांगल्या लेन्समधला काचेचा फरक त्यात बराचसा बुडून जातो.

कॅननच्या लेन्सचं खरं सामर्थ्य दुसरीकडे आहे आणि ते मान्य करायला हवं. तिचं ॲपर्चर कॅमेरा चालवतो. म्हणजे बघताना ते उघडं, चित्र उजळ. बटण दाबलं की क्षणभर बंद. लाओवाच्या लेन्समध्ये कॅमेऱ्याशी जोडणारे विजेचे बिंदूच नाहीत. कडं हाताने फिरवायचं, मग व्ह्यूफाइंडर काळवंडतो, आणि ॲपर्चर काय होतं याची नोंदही फोटोत राहत नाही. पळणाऱ्या जिवंत मुंगीमागे कॅमेरा हातात धरून जाणाऱ्याला हा फरक जाचतो. टेबलावर ठेवलेलं फूल, नाणं किंवा स्थिर नमुना टिपणाऱ्याला तो क्वचितच जाणवतो.

सगळ्यात मोठा आक्षेप असतो तो भरवशाचा. उद्या कॅमेरा बदलला, तर परक्या कंपनीची लेन्स चालेल का? ही भीती निराधार नाही. सिग्माच्या फिल्मच्या काळातल्या काही लेन्स कॅननच्या डिजिटल कॅमेऱ्यांवर चढवल्या की काम अडायचं आणि पडद्यावर बिघाडाचा (एरर) संदेश यायचा. कॅननने 2018 मध्ये आरएफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची नवी जोडणी, आणलं, तेव्हा त्याचं दार बाहेरच्यांच्या ऑटोफोकस लेन्सना जवळजवळ बंदच होतं. 2022 मध्ये व्हिलट्रॉक्स या बाहेरच्या कंपनीला अशा लेन्स थांबवाव्या लागल्या. सिग्मा आणि टॅमरॉन यांना परवाना मिळाल्याचं जाहीर झालं ते 2024 मध्ये, आणि तेही लहान सेन्सरच्या लेन्सपुरतं. पण नीट पाहिलं, तर हा पुरावा माझ्याच बाजूचा आहे. भांडण होतं ते संभाषणाच्या भाषेवरून. लाओवाच्या मॅन्युअल लेन्स त्याच काळात आरएफ माउंटमध्ये विकल्या जात होत्या. जी लेन्स कॅमेऱ्याशी बोलतच नाही, तिचं बोलणं कोण बंद करणार?

याची दुसरी बाजू खेळांच्या मैदानावर दिसते. सोनीने आपलं ई-माउंट बाहेरच्या कंपन्यांना खुलं केलं आहे, तरी तिच्या ए1 कॅमेऱ्यावर सोनीची योग्य लेन्स असेल तर सेकंदाला 30 फोटो मिळतात, बाहेरची असेल तर 15. लेन्सचा पल्ला वाढवणारे सोनीचे टेलिकन्व्हर्टरही बाहेरच्या लेन्सवर चालत नाहीत. कबड्डी किंवा क्रिकेट टिपून पोट भरणाऱ्याने इथे काटकसर करू नये.

राहिला दर्जा. स्वस्त लेन्सच्या दोन नगांत फरक निघतो, ही तक्रार खरी आहे. लेन्स भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्सचे संस्थापक रॉजर सिकाला यांनी नगानगांतला फरक वर्षानुवर्षं यंत्रावर मोजला, आणि तो नामवंत कंपन्यांच्या लेन्समध्येही निघाला. लहान कंपनीच्या लेन्समागे गावोगावी सेवाकेंद्र नसतं आणि जुनी विकताना भाव पडतो, हेही लक्षात घ्यावं. म्हणून परत करायची मुदत असतानाच सपाट छापील पान समोर ताणून लावावं, कॅमेरा त्याला समांतर ठेवावा आणि फोटोचे चारही कोपरे मोठे करून ताडून पाहावेत. एकच कोपरा पुसट आला, तर भिंग तिरकं बसलं आहे. लेन्स परत करावी.

पाचपटीच्या मॅक्रोपुरतं माझं मत असं: पळते किडे हाच ध्यास असेल आणि कॅमेरा कॅननचा असेल, तर एमपी-ई सुस्थितीत जुनी मिळते का ते पाहा. बाकीच्यांनी लाओवा घ्यावी आणि वाचलेल्या पैशांत आधी एक चांगला फ्लॅश घ्यावा, रेल नंतर. एफ 33 ला उजेड कधीच पुरत नाही.