ओळख पटली, तरी खावी का?

रानातली अळिंबी दिसली की आपला पहिला प्रश्न असतो, ‘ही कोणती?’ वनस्पतिशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला दर पावसाळ्यात विचारला जातो. नाव कळले की काम झाले, असा आपला समज असतो. तो किती अपुरा आहे, हे जपानमधल्या एका अळिंबीवरून कळते.

आपल्याकडे सुगी म्हणजे पिकाचा हंगाम. जपानमध्ये सुगी हा देवदारासारखा उंच सूचिपर्णी वृक्ष. त्याच्या कुजत चाललेल्या बुंध्यांवर शरद ऋतूत ‘सुगिहिराताके’ उगवते. हिराताके म्हणजे आपली धिंगरी. तेव्हा ही सुगीवरची धिंगरी. शास्त्रीय नाव प्ल्युरोसायबेला पोरिजेन्स.

ती ओळखावी कशी? रंग शुभ्र, आकार पंख्यासारखा, दांडा जवळजवळ नाहीच. खालचे पडदे दाट आणि अरुंद. काळ्या कागदावर पडद्यांची बाजू खाली करून रात्रभर ठेवली, तर सकाळी बीजाणूंचा पांढरा ठसा दिसतो. धिंगरी हिच्यापेक्षा मांसल असते, बहुधा रुंद पानांच्या झाडांवर येते. सूक्ष्मदर्शकाखाली धिंगरीचे बीजाणू लांबट, तर हिचे जवळजवळ गोल दिसतात.

ईशान्य जपानमधले लोक ही अळिंबी वर्षानुवर्षे रश्श्यात घालून आवडीने खात. मात्र २००४ च्या शरद ऋतूत अकिता, यामागाता, निगाता या भागांत ती खाल्लेल्यांना काही दिवसांनी हातापायांना कंप, झटके, बेशुद्धी अशी लक्षणे दिसू लागली. ५९ जण आजारी पडले, त्यांतले १७ दगावले. बहुतेकांना मूत्रपिंडाचा विकार होता. काही डायलिसिसवर होते.

यात ओळखण्याची चूक नव्हती. अळिंबी तीच होती, नावही बरोबर होते. ‘खाण्याजोगी’ हा शेरा तेवढा चुकीचा ठरला. मग आधी हे कोणाच्या लक्षात कसे आले नाही? अशा मेंदूविकारांची नोंद करणे तिथल्या डॉक्टरांवर नोव्हेंबर २००३ पासूनच बंधनकारक झाले होते. त्याआधीचे रुग्ण कदाचित नोंदीवाचून राहिले असतील. पुढे ही अळिंबी कोणीच खाऊ नये, असे सरकारने सांगितले.

म्हणून मंडळी, रानातली अळिंबी जरूर न्याहाळा, तिचा ठसा घ्या, नाव शोधा. पण ‘आमच्याकडे पूर्वीपासून खातात’ एवढ्या भरवशावर ती ताटात वाढू नका. घरात मूत्रपिंडाचा रुग्ण असेल, तर मुळीच नको.