तक्ते तोडू, तक्ते जोडू : औरंगाबाद दोन आहेत

बारा महिन्यांच्या बारा शीट एकाखाली एक कशा लावायच्या, ते आज सांगायचं ठरलं होतं. ते पुढच्या आठवड्यात. कारण वैजापूरहून एका शिक्षिकेचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न थांबवून ठेवण्यासारखा नाही.

त्यांच्याकडे राज्यातल्या ३६ जिल्ह्यांची यादी होती. तिच्यासमोर २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या आणायची होती. व्हीलूकअप लावलं, तर आपल्या जिल्ह्यासमोर ‘#एन/ए’. साहजिकच आहे. यादीत २०२३ नंतरचं छत्रपती संभाजीनगर, जनगणनेत औरंगाबाद. बाईंनी यादीत ‘फाइंड अँड रिप्लेस’ करून जुनं नाव घातलं. आकडा लगेच आला : २५,४०,०७३. त्या लिहितात, ‘आपला जिल्हा एवढा लहान कसा?’

तो आपला जिल्हा नव्हेच. तो बिहारमधला औरंगाबाद. आपला आकडा ३७,०१,२८२. जनगणनेचा देशभराचा तक्ता राज्यांच्या संकेतांकाने लावलेला असतो. बिहार १०, महाराष्ट्र २७. व्हीलूकअप वरून खाली शोधत येतं आणि पहिलं जुळलेलं नाव उचलून थांबतं. चौथ्या जागी ‘फॉल्स’ लिहिलं तरी फरक पडत नाही, कारण नाव तंतोतंत जुळलेलंच आहे. म्हणून मला ‘#एन/ए’ची कधी भीती वाटत नाही. तिथे काहीतरी अडलंय हे निदान दिसतं. चुकीचा आकडा मात्र गुपचूप बेरजेत जाऊन बसतो.

बाईंनी आता रायगडचा आकडाही तपासावा. जनगणनेत आपल्या रायगडचं आणि छत्तीसगडच्या रायगढचं इंग्रजी स्पेलिंग एकच आहे आणि छत्तीसगडचा संकेतांक २२, म्हणजे तोही आपल्या आधी. बिलासपूर, हमीरपूर, प्रतापगढ, विजापूर हेही त्या तक्त्यात दोन-दोनदा येतात. जोडणीआधी नावांच्या कॉलमवर एकदा काउंटइफ चालवा. १ पेक्षा मोठं उत्तर आलं की समजा, नुसत्या नावावर जोडता येणार नाही.

मग कशावर जोडायचं? तात्पुरतं काम असेल तर दोन्ही तक्त्यांत एक जादा कॉलम घ्या आणि राज्य व जिल्हा ‘अँड’च्या चिन्हाने चिकटवा. पक्कं काम हवं असेल तर तिसरी छोटी शीट करा : जनगणनेचा जिल्हा संकेतांक, जुनं नाव, नवं नाव. आपला जिल्हा ५१५, धाराशिव ५२५. नाव बदललं, स्पेलिंग बदललं, तरी ५१५ हा ५१५च राहतो. मूळ यादीत रिप्लेस करू नये, असं माझं ठाम मत आहे. सहा महिन्यांनी कुठलं नाव कुणी बदललं याचा पत्ता लागत नाही.

पालघरसमोरचं ‘#एन/ए’ मात्र या शीटनेही जाणार नाही. तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला, २०११च्या तक्त्यात ३५च जिल्हे आहेत. तिथे ठाण्याचा आकडा तालुकावार फोडून वसई, डहाणू, जव्हार वगैरे आठ तालुक्यांची बेरीज वेगळी काढावी लागते. जालन्याचं तर याहून किचकट. १ मे १९८१ला तो आपल्या जिल्ह्यातून निघाला खरा, पण परतूर त्यात परभणीतून आलं. तेव्हा आजचे दोन जिल्हे मिळवले की १९७१चा औरंगाबाद तयार होतो, हे गणित चुकतं.

तालुक्यावर उतरलात की एक खबरदारी. जनगणनेचे तालुका संकेतांक पाच आकडी आहेत आणि महाराष्ट्राचे शून्यापासून सुरू होतात. एक्सेल ते पुढचं शून्य खाऊन टाकतं आणि मग दोन फाइली जुळत नाहीत. पुढच्या आठवड्याच्या कामाआधी तेवढा कॉलम ‘टेक्स्ट’ म्हणून आयात करून ठेवा.