चैत्राचा चंद्र आणि बाळ येशूची यात्रा

२०२६ सालच्या २९ मार्चला चैत्र शुद्ध एकादशी आणि ख्रिस्ती उपासना वर्षातला झावळ्यांचा रविवार एकाच दिवशी येतात. एकादशीला नाशिकच्या रस्त्यांवरून रामरथ आणि गरुडरथ निघतो. झावळ्यांच्या रविवारी शहरातल्या चर्चमध्ये भाविक हाती झावळ्या घेऊन येशूच्या यरुशलेमप्रवेशाची मिरवणूक काढतात. दोन धर्मांचे दोन उत्सव एका दिवशी आले की वर्तमानपत्रे ‘दुर्मीळ योग’ असा मथळा देतात. हा योग तितका दुर्मीळ नाही, आणि निव्वळ योगायोग तर नाहीच.

ईस्टर ठरवण्याचा नियम असा : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा घ्यायची आणि तिच्या पुढचा रविवार धरायचा. मुळात येशूचा वध ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या वेळी झाला, आणि वल्हांडण हा नीसान महिन्याच्या पौर्णिमेचा सण. म्हणून पुनरुत्थानाचा सण कायम चंद्राला बांधलेला राहिला. चर्चचा चंद्र आकाशात पाहून नव्हे, तक्त्यावरून ठरतो. पंचांगावर वाढलेल्या आपल्या वाचकाला यात नवल वाटू नये. १५८२ साली पोप तेरावे ग्रेगरी यांनी दिनदर्शिका सुधारली, तेव्हा या तक्त्याचेही गणित नव्याने मांडले गेले.

आपल्याकडे ही पौर्णिमा बहुधा चैत्री असते, कधी फाल्गुनी. ती चैत्री असेल त्या वर्षी एकादशी तिच्या चार दिवस आधीची, म्हणजे झावळ्यांच्या रविवारच्या मागेपुढे तीन-चार दिवसांतच पडणार. ती फाल्गुनी असेल तेव्हा गाठ होळीशी पडते. २०२४ साली २४ मार्चला झावळ्यांचा रविवार होता आणि त्याच संध्याकाळी होळी पेटली.

राखेचा बुधवार, चाळीस दिवसांचा उपवासकाळ, पवित्र सप्ताह, पुनरुत्थानकाळ, पेंटेकॉस्ट ही सगळी माळ ईस्टरबरोबर पुढेमागे सरकते. नाताळ मात्र चंद्राला जुमानत नाही. (नाताळ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला. मिस्सा आणि पाद्री त्याचेच सोबती.)

आता नाशिककर कॅथॉलिकांचा सर्वांत गजबजलेला दिवस पाहू. तो या दोन्हींत बसत नाही. नाशिकरोडच्या बाळ येशू मंदिराची यात्रा फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी भरते. आधी नऊ दिवसांचा नोव्हेना होतो, मग यात्रा. मुंबई, वसई, पुणे, गोवा इथून माणसे लोटतात. नवस बोलायला आणि फेडायला येणाऱ्यांत ख्रिस्ती नसलेलेही पुष्कळ असतात. रोमच्या पंचांगात त्या तारखेला बाळ येशूचा सण नाही. ही भक्ती जिथून जगभर पसरली त्या प्राग शहरात बाळ येशूच्या राज्याभिषेकाचा उत्सव मे महिन्यात होतो. मग फेब्रुवारीचा शनिवार-रविवार कशासाठी?

श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउली यात्रा इथे उपयोगी पडते. मारियामातेचा जन्मदिन ८ सप्टेंबर. यात्रा भरते त्या सुमाराच्या शनिवार-रविवारी. ऊसतोडीचा मजूर, कारखान्यातला कामगार, शाळामास्तर यांना रजा मिळते तेव्हा देव भेटतो. यात्रेची तारीख लोकांच्या सवडीला धरून असते, आणि मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. नाशिक धर्मप्रांत १९८७ साली पुणे धर्मप्रांतापासून वेगळा झाला. त्यातला मोठा समाज तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खेड्यांतून आलेला, मराठी बोलणारा. यात्रा, नवस, मंदिर हे शब्द त्याने कुणाकडून उसने आणलेले नाहीत, घरचेच आहेत.

‘यात्रा म्हणजे हिंदूंची नक्कल’ असे दोन्ही बाजूंचे लोक म्हणतात. त्यांच्यासाठी चारशे वर्षांपूर्वीचा दाखला पुरेसा आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेज्विट १५७९ साली गोव्यात आला. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती आणि त्यांच्या जागी ऐकायला काही नव्हते. ही उणीव ओळखून त्याने ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पहिले पुराण छत्तीस अवस्वरांचे, दुसरे एकोणसाठ. एकूण सुमारे अकरा हजार ओव्या. साष्टीच्या देवळांतून रविवारी आणि सणावारी ते वाचले जाई. म्हणजे वेदीवर लॅटिन आणि श्रोत्यांत मराठी ओवी, असे एकाच देवळातले वर्ष होते. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांवर बंदीचा हुकूम काढला. प्रत्यक्ष वेदीवर मराठी आली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९६० च्या दशकात. एवढ्या दीर्घ खंडानंतरही ‘पुराण’ आणि ‘यात्रा’ हे साचे टिकले, ते वरून कुणी राखले म्हणून नव्हे.

तरीही दोन घड्याळे अधूनमधून एकमेकांना अडवतात. राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतो. तो फेब्रुवारीत लवकर आला की यात्रेचा रविवार उपवासकाळात सापडतो, आणि उपवासकाळातल्या रविवारावर दुसरा कोणताही सण चढवता येत नाही, असा चर्चचा नियम आहे. वेदीवरचे वस्त्र जांभळे, ‘आलेलुया’ बंद. बाहेर पाळणे, मिठाईची दुकाने आणि मेणबत्त्यांचे ढीग. गंमत अशी, की चाळीस दिवसांच्या मोजणीत रविवार धरलेच जात नाहीत. उपवास त्या दिवशी सुटतो, रंग मात्र सुटत नाही.

हा रंगाचा हिशेब प्रागमध्ये उघड दिसतो. तिथली मूर्ती सुमारे दीड फूट उंचीची, मेणाचा थर दिलेली. ती मूळ स्पेनहून आलेली. १६२८ साली लोबकोविच घराण्यातल्या पोलिक्सेना या सरदारीणबाईने ती कार्मेल संन्याशांना दिली. तिला उपासनाकाळाप्रमाणे पोशाख बदलतात : नाताळात आणि ईस्टरला पांढरा, पेंटेकॉस्टला लाल, सामान्य काळात हिरवा, आगमनकाळात आणि उपवासकाळात जांभळा. विठ्ठलाचे पोशाख पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. २०२७ साली राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला आहे आणि यात्रेचा रविवार चौदाला, म्हणजे नेमका उपवासकाळाचा पहिला रविवार. प्रागच्या रिवाजाने त्या दिवशी बाळाच्या अंगावर जांभळे वस्त्र असेल.